बत्तीस हजार सातशे अडुसष्ट

माझ्या हातून आयुष्यात मोजून तीन चुका झाल्या आहेत. पहिल्या दोन प्रयोगशाळेत झाल्या आणि त्यांत अनुक्रमे एक थर्मामीटर व एक मैत्रीण गमावण्यापलीकडे नुकसान झालं नाही. तिसरी चूक २००३ च्या मे महिन्यात, दिल्लीत मुनिरकातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, दुपारी सव्वातीन वाजता झाली. तिला अर्धा सेकंद लागला आणि तेवढ्यात एकशे चव्वेचाळीस कुटुंबांचे फ्लॅट नाहीसे झाले. त्यांत एक आमचा होता.

फ्लॅट अजून कुणाला मिळाले नव्हते, ही गोष्ट मला त्या वेळी फारशी दिलासा देणारी वाटली नाही.

माझे सासरे खंडेराव शिर्के, म्हणजे आमचे बाबा. चौतीस वर्षं एका मंत्रालयाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढून निवृत्त झाले होते. दिल्लीतल्या मराठी नोकरदारांनी १९८३ साली 'सह्यमाला' नावाची गृहनिर्माण संस्था काढली, तिचे ते पहिल्या दिवसापासूनचे सेक्रेटरी. वीस वर्षांनी दिल्लीच्याच द्वारका उपनगरात इमारती उभ्या राहिल्या. आता सोडत निघायची आणि कुणाला कुठला फ्लॅट ते ठरायचं. त्यासाठी सभासदांची ज्येष्ठता यादी सरकारी कार्यालयात द्यायची होती. शुक्रवार, दुपारी एक वाजेपर्यंत. चुकलं तर पुढची सोडत कधी, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

माझ्या सासूबाई चंद्रप्रभाबाई, म्हणजे आई, या सोडतीकडे डोळे लावून बसल्या होत्या. नऊ सरकारी क्वार्टर्स आणि दोन भाड्याची घरं झाली होती. मुनिरकातल्या घरमालकीण मिसेस चड्ढा भिंतीला खिळा ठोकू देत नसत. त्यामुळे आमचं कॅलेंडरसुद्धा खुर्चीवर बसलेलं असे आणि पाहुणा आला की त्याला उठवावं लागे.

यादी अकरा रकान्यांत, संगणकावर, छापील आणि सोबत फ्लॉपी, अशी हवी होती. तो काळच तसा होता. गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक कार्यालयाला आपणही मागं नाही हे दाखवायचं होतं. हातानं लिहिलेला कागद दिला की खिडकीतला माणूस तो असा धरी, जणू ओला आहे.

संगणक घरात माझा होता. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नेहरू प्लेसच्या संगणक बाजारातून जुना संगणक आणून मी त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली होती. पण आमच्याकडे दिवसातून चार वेळा वीज जाई आणि दर वेळी यंत्र चालू केलं की ते सगळी डिस्क तपासत बसे. चाळीस मिनिटं! तपासणी संपत आली की पुन्हा वीज जाई. मग मला कळलं की फाइली साठवायची नवी एक पद्धत आली आहे, नोंदवही ठेवणारी. ती मी घातली, वीज गेली, वीज आली, आणि यंत्र दहा सेकंदांत उभं राहिलं! मी टाळ्या वाजवल्या. मी सहसा टाळ्या वाजवत नाही.

"काय झालं?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

त्यांना कसं सांगावं याचा मी जरा विचार केला. "बाबा, फाइलमध्ये काही बदल करायचा असला, तर हे यंत्र आधी एका वहीत लिहितं की मी आता अमुक अमुक करणार आहे. मग ते करतं. मधेच वीज गेली तर नंतर येऊन फक्त ती वही वाचतं. अख्खं कपाट उपसत नाही."

बाबा उभे राहिले. "म्हणजे डायरी रजिस्टर! आवक कागदांची वही!"

"तसंच."

"आधी डायरी नंबर, मग कारवाई. नंबर पडल्याशिवाय कागद हलवायचा नाही!" त्यांनी चष्मा काढून पुसला. "वीणा, हे ज्यानं काढलं तो माणूस रेकॉर्ड सेक्शनला होता. मी लिहून देतो."

मी लग्न होऊन या घरात आल्याला अकरा वर्षं झाली होती. बाबांना माझ्या विषयात आणि मला त्यांच्या नोकरीत रस वाटल्याची ती पहिलीच वेळ. पुढचा तासभर आम्ही दोघं इतके रंगलो की चहा गार झाला आणि आईंनी तो परत नेऊन गरम केला, तोही गार झाला.

मी सांगत गेले. प्रत्येक फाइलला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचं एक कार्ड असतं. कार्डावर मालक कोण, आकार किती, शेवटचा हात कधी लागला आणि मजकूर डिस्कवर कुठे कुठे आहे, एवढं लिहिलेलं असतं. नाव मात्र कार्डावर नसतं, ते फोल्डरच्या यादीत असतं.

"बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "नाव कव्हरवर. फाइल ओळखायची नंबरानं."

आणि सगळ्यांच्या आधी, डिस्कच्या अगदी सुरुवातीला, एक मुख्य पान असतं. एकूण जागा किती, तुकडे केवढे, कार्डं किती, सगळा हिशोब त्यावर. ते पान गेलं तर बाकीचं सगळं जागेवर असूनही वाचता येत नाही. म्हणून त्याच्या प्रती डिस्कवर दूर दूर ठेवलेल्या असतात. आमच्या डिस्कवर सात होत्या. त्या कुठे आहेत ते आकडे पडद्यावर आले तेव्हा मी गॅसच्या पावतीच्या मागे उतरवून घेतले होते.

इथे मी एक वाक्य बोलले. ते बोलायला नको होतं, हे मला आज समजतं.

मी म्हणाले, "बाबा, हा कागद जरा जपून ठेवाल?"

रेकॉर्ड सेक्शनच्या माणसाला कागद जपून ठेवायला सांगणं म्हणजे काय असतं, याची मला कल्पना नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या कार्यालयात एका कपाटाला आग लागली होती. मूळ कागद आणि त्याची प्रत एकाच कपाटात असल्यामुळे दोन्ही गेले. बाबा ते अजून विसरले नव्हते. त्यांनी सात प्रती हातानं काढल्या. खाली 'खरी प्रत' लिहून त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायला ते तळमजल्यावरच्या एका साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, मूळ दाखवा. बाबा म्हणाले, मूळ डिस्कमध्ये आहे. त्यावर दोघांची बरीच चर्चा झाली आणि सही मिळाली नाही. शेवटी सात लिफाफे लाखेनं बंद झाले, त्यांवर 'गोपनीय' असं लिहिलं गेलं आणि ते सात वेगवेगळ्या घरी पोचते झाले. डिस्क दूर दूर ठेवते, तर आपण का नाही?

गॅसची पावती मग त्यांनी नियमाप्रमाणे नष्ट केली. कुठला लिफाफा कुणाकडे आहे, त्याची सूची त्यांनी संगणकावर टाइप करून ठेवली.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मी तेव्हा वाचलं नव्हतं.

पाच महिने बाबा एका बोटानं यादी टाइप करत होते. बुधवारी दुपारी ते म्हणाले, "शेवटची ओळ भरली. मसुदा आहे. तू बघ, मान्य केलंस की पक्की करू." मी हो म्हणाले आणि आधी फ्लॉपीचं काम घेतलं. कार्यालयानं दिलेल्या फ्लॉपीत त्यांच्या फॉर्मचा कोरा नमुना होता. बाबांना अर्थातच तिची दुसरी प्रत हवी होती. त्यासाठी मी तिचा मजकूर आधी यंत्रात घेतला. आता तो कोऱ्या फ्लॉपीवर उतरवायचा, म्हणजे एक ओळीचा हुकूम. कुठून घे, कुठे लिही.

त्याच क्षणी गल्लीतून मिसेस चड्ढांचा आवाज आला, "टैंकर आ गया! टैंकर!"

मुनिरकात मे महिन्यात हा आवाज आला की माणूस हातातलं काम टाकून बादली घेतो. मी काम टाकलं नाही, घाईनं पुरं केलं. 'कुठे लिही' या जागी फ्लॉपीचं नाव द्यायचं, तिथे मी डिस्कचं दिलं आणि बटण दाबलं.

अर्ध्या सेकंदात काम संपलं. फ्लॉपीला एवढ्या कामाला मिनिटभर तरी लागतं, आणि ती कुरकुरते. ही कुरकुरली नाही. तिचा दिवासुद्धा लागला नाही. मी रिकामी बादली हातात धरून पडद्याकडे पाहत राहिले. डिस्कच्या सुरुवातीला, मुख्य पान होतं तिथे, आता एका सरकारी कार्यालयाचा कोरा फॉर्म होता.

आणि वीज गेली.

अर्ध्या तासानं आली. यंत्र दहा सेकंदांत उभं राहिलं नाही. चाळीस मिनिटांतही नाही. डिस्कचा तो भाग आपल्याला ओळखता येत नाही, असं त्यानं मोजक्या शब्दांत सांगितलं.

"बाबा," मी म्हणाले, "तो कागद."

"कुठला?"

"आकड्यांचा. सात प्रती कुठे आहेत?"

"सूचीत आहे ना," बाबा उत्साहानं म्हणाले. मग त्यांनी संगणकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ते सावकाश खाली बसले, कॅलेंडरवर.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी द्यायचंय ना?"

बाबांना सातांपैकी तीन घरं आठवत होती. बाकीची चार त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवली नव्हती. सूची असताना लक्षात ठेवणं म्हणजे सूचीवर अविश्वास.

मी निघाले. मला कुणाच्या घरी मीठसुद्धा मागायला जड जातं. आता दारोदार जाऊन सात आकड्यांचा कागद मागायचा होता, आणि तो कशासाठी हे विचारलं तर उत्तर पंधरा मिनिटांचं होतं.

मिसेस चड्ढांनी लिफाफा केव्हाच फोडला होता. "शिर्के साहब ने गोपनीय लिखा था, तो मैंने सोचा देख लूँ." कागद फ्रिजवर होता. पण त्यातला 'अठ्ठ्याण्णव'नं सुरू होणारा आकडा त्यांना मोबाइल नंबर वाटला होता. पाचच आकडे पाहून त्यांनी बाकीचे स्वतःच्या अंदाजानं भरून लावून पाहिला. तो फरीदाबादच्या एका पंख्यांच्या दुकानात लागला. मग कागदावर त्यांनी पंख्यांचे दर उतरवले, त्याआधी मूळ आकडे नीट खोडून. "कन्फ्यूजन न हो इसलिए."

डिस्क बिघडल्याचं ऐकून त्यांनी मला ती उन्हात ठेवायला सांगितलं. त्यांच्या दिरांनी फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी, ज्यांना मी ओळखत नाही, यंत्राखाली लाकडी पाट देण्याचा सल्ला दिला. मी तिघांचे आभार मानले.

दुसरा लिफाफा कल्पनाताईंकडे. त्या दिल्लीतल्या मराठी मुलामुलींची लग्नं जुळवतात. सेवानिवृत्त माणूस बंद लिफाफा घेऊन, हळू आवाजात, "कुटुंबाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, सांभाळा" म्हणत आला, तर त्यांनी काय समजायचं?

"अगं, मी ग्वाल्हेरला पाठवली की पत्रिका!"

"कल्पनाताई, पत्रिका नव्हती ती."

"मलाही जरा वेगळीच वाटली. पण दक्षिणेकडची पद्धत असेल म्हटलं. आणि ऐक तर, उत्तर आलंय. छत्तीसपैकी एकवीस गुण जुळतात. मुलगी एमएस्सी आहे. मुलगा कोण गं तुमच्याकडे?"

मी म्हणाले, नंतर सांगते.

राहिला तिसरा. आमच्याच गच्चीवरच्या खोलीत राहणारा हणमंत. उदगीरचा मुलगा, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तीन वर्षं दिल्लीत होता. दार उघडं होतं. आत तो आणि त्याचे चार मित्र जमिनीवर नकाशा पसरून बसले होते.

"या वहिनी. लिफाफा? तो नाही राहिला. वाचला आणि फाडून टाकला."

मी दाराची चौकट धरली. "फाडला?"

"गोपनीय होता ना." त्यानं आवाज खाली आणला. "काका मंत्रालयात होते. ते उगीच कशाला देतील? मी काही विचारलं नाही, त्यांना अडचणीत नको आणायला. पण वहिनी, पाठ आहे की."

"काय पाठ आहे?"

हणमंतनं डोळे मिटले. "बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. अठ्ठ्याण्णव हजार तीनशे चार. एक लाख त्रेसष्ट हजार आठशे चाळीस..." तिसऱ्या आकड्यापासून चारही मित्र त्याच्या सुरात सामील झाले. शाळेत पाढे म्हणतात तसे सातही आकडे त्यांनी एका दमात म्हटले.

"आमच्या अख्ख्या ग्रुपला पाठ आहेत," एक जण म्हणाला. "अकरा जणांना. फक्त कशाचे ते कळत नाही. मी म्हणतो तागाचं उत्पादन, टनांत."

"ताग नाही रे, जंगलाखालचं क्षेत्र," दुसरा म्हणाला. "वहिनी, तुम्हीच सांगा."

मी आकडे तळहातावर उतरवून घेतले. त्याच वेळी माझ्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. म्हणजे दोनचा पंधरावा घात. डिस्कच्या एका गटात तुकडे किती असतात हे एका तुकड्यात मावणाऱ्या बिटांवरून ठरतं, चार हजार शहाण्णव गुणिले आठ. बाकीचे आकडे त्याचीच तीन पट, पाच पट, सात पट वगैरे. कागदाची गरजच नव्हती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीनं पेन्सिलीनं काढलं असतं. ही गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. संगणकातल्या जाणकारांनी आता पत्रं पाठवू नयेत. आकडे काढायच्या आणखी दोन युक्त्या मला नंतर समजल्या, त्यानं बरं वाटलं नाही.

मी तीन तीन पायऱ्या गाळत खाली आले. सीडीवरून यंत्र चालू केलं आणि सांगितलं, मुख्य पान बत्तीस हजार सातशे अडुसष्टाव्या तुकड्यातून वाच. बाबा माझ्या खांद्यावरून पाहत होते. "खरी प्रत कशावरून?" त्यांनी विचारलं. प्रत्येक प्रतीवर एक ठरावीक खूण असते, ती जुळली तरच यंत्र ती मानतं, असं मी सांगितलं. "शिक्का," बाबा म्हणाले आणि त्यांच्या जिवात जीव आला.

शिक्का जुळला! पडद्यावरून ओळी धावू लागल्या. सुरुवातीच्या तुकड्यात सर्वांत वरच्या फोल्डरचं कार्ड होतं, ते मात्र कायमचं गेलं होतं. त्यामुळे त्याच्या आतल्या फोल्डरांना पत्ताच उरला नाही. यंत्रानं एक एक बेवारस फोल्डर उचलून 'हरवले-सापडले' अशा खात्यात टाकलं, नावाशिवाय, नुसत्या क्रमांकानं. त्यातल्या एकात मी शिरले. आत सगळं होतं. पत्रव्यवहार, ठराव, सूची, यादी. प्रत्येकावर नाव शाबूत.

"फक्त कव्हर फाटलं," बाबा म्हणाले. "असं तर आमच्याकडे रोज व्हायचं." आणि त्यांनी आईंना हाक मारली, "अगं, सापडलं!" आईंनी त्या दिवशी तिसऱ्यांदा चहा केला. तो आम्ही गरम प्यायलो.

गुरुवारी मी यादी छापून आणली, फ्लॉपीवरही उतरवली. बाबांनी शेवटच्या पानावर सही केली, पत्र जोडलं, आणि शुक्रवारी बारा वाजता आम्ही दोघं खिडकीसमोर रांगेत होतो. साडेबाराला आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाबूंनी पत्र वाचलं, यादी उलटली, शेवटचं पान पाहिलं.

"पत्र में एक सौ चवालीस लिखा है. लिस्ट में एक सौ तैंतालीस हैं."

मी यादी ओढून घेतली. एकशे त्रेचाळीसच होते. मी, जी विद्यार्थ्यांच्या वहीतलं दशांशचिन्ह सोडत नाही, तिनं मोजलं नव्हतं. नोंदवही फाइलींची कार्डं सांभाळते. जे कधी पक्कं केलंच नाही, ते तिच्याकडे येतच नाही. बुधवारी बाबांनी भरलेली ती शेवटची ओळ माझ्या मान्यतेची वाट पाहत पडद्यावरच राहिली होती आणि विजेबरोबर गेली होती.

"बाबा, शेवटची ओळ कुणाची होती?"

बाबांनी चष्मा पुसला. "सेक्रेटरीनं स्वतःचं नाव शेवटी घालायचं असतं."

"गलत लिस्ट रिसीव नहीं होगी," बाबू म्हणाले. "हाथ से लिखा हुआ नाम भी नहीं चलेगा. प्रिंट करा के लाइए." घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मुनिरकाला जाऊन येणं पावणेदोन तासांचं काम.

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि पत्रातल्या एकशे चव्वेचाळीसवर रेघ मारली. वर लिहिलं, एकशे त्रेचाळीस. बाजूला सही. "बाकीच्यांचं का अडवायचं," ते मला म्हणाले. "तुझ्या सासूबाईंना मी सांगेन काहीतरी." मग कागद त्यांनी खिडकीत सरकवला आणि वळले.

मी सरकारी कार्यालयात कधी आवाज चढवलेला नाही. वर्गातही चढवत नाही. पण बाबू कागद नुसताच ट्रेमध्ये टाकत होते, ते मी पाहिलं.

"पहले डायरी नंबर दीजिए!" मी ओरडले. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. "पहले रजिस्टर में चढ़ाइए. नंबर बोलिए, फिर रखिए!"

बाबूंनी दचकून रजिस्टर उघडलं. "चार हज़ार चार सौ सत्रह."

बाबा थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर, पाच महिन्यांपूर्वी गार चहासमोर दिसला होता तसा, एक उजेड येत होता. "वीणा," ते म्हणाले, "नंबर पडला. म्हणजे आता तो कागद रेकॉर्डवर आहे. आणि जे रेकॉर्डवर आहे त्याला शुद्धिपत्र लागू होतं!"

"हातानं लिहिलेलं?"

"यादी छापील हवी असा नियम आहे. शुद्धिपत्र छापील हवं असा नियम आजवर कुणी केलेला नाही."

त्यांनी माझ्या पर्सवर कागद ठेवून लिहिलं. क्रमांक चार हजार चारशे सतरा, दिनांक आजचा, सोबतच्या यादीत एक नोंद नजरचुकीनं राहिली आहे, ती पुढीलप्रमाणे. अकराही रकाने पाठ होते.

बाबूंनी वाचलं. "अभी तो आपने खुद एक सौ तैंतालीस किया!"

"वो सत्रह में था," बाबा अदबीनं म्हणाले. "ये अठारह है."

बाबूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "सर, आप किस डिपार्टमेंट से रिटायर हुए?"

"रेकॉर्ड."

बाबूंनी खुर्ची मागे सारली, अर्धवट उठून नमस्कार केला आणि रजिस्टरात अठरा चढवला. एकला दहा कमी होते.

सोडत जुलैत निघाली. आम्हाला दुसरा मजला मिळाला, आईंनी पहिल्याच आठवड्यात भिंतीला बावीस खिळे मारले. मात्र कार्यालयानं आमचं नाव यादीत घातलं ते पुढे कशावरून घेतलं त्याचा शेरा मारून, आणि वाटपपत्रात ते शेऱ्यासकट 'खंडेराव शिर्के शुद्धिपत्रानुसार' असं आलं. वाटपपत्रावरून ते वीज कंपनीकडे गेलं, तिथून पाणीपट्टीवर, तिथून मतदार यादीत. मतदार यादीत तर त्यांच्या वडिलांच्या नावाच्या जागी 'शुद्धिपत्रानुसार' असं आहे. दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा लिहून दिला.

बाबा तो पाठवत नाहीत. एवढ्या ठिकाणी प्रती गेल्यावर, ते म्हणतात, आता तेच नाव खरं.